खिमा, कढई आणि नववीची मुले

नववी-दहावीच्या मुला-मुलींना आठवड्यातून एक तास स्वयंपाक शिकवावा, ही सूचना पालक सभेत आली तेव्हा कोणीही विरोध केला नाही. वाद निघाला तो पुढे, काय शिकवायचे यावरून. पोहे, उपमा, कोशिंबीर, लिंबू सरबत ही नेहमीची यादी सहज मंजूर झाली असती. पण काही मुलांनीच चिठ्ठीवर "आम्हाला खिमा शिकायचा आहे" असे लिहून दिले आणि सभेत कुजबुज सुरू झाली. शाळेच्या कार्यक्रमात मांसाहाराचे नाव कशाला, असे काहींचे म्हणणे पडले. घरी खातो तेच शिकले तर बिघडले कुठे, असे दुसऱ्यांचे. या प्रश्नावर आम्ही आमचे मत येथे मांडत आहोत. विश्वस्त मंडळाने ते मान्य करावेच असा आग्रह नाही. वाचावे, असा मात्र आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. भेस्तान, पांडेसरा, उधना, सचिन या पट्ट्यात आपली वस्ती पसरलेली आहे. धुळे, नंदुरबार, जळगावकडून ताप्ती लाईनने आलेल्या कुटुंबांची आता तिसरी पिढी शाळेत आहे. पुष्कळ घरी आई-वडील दोघेही कामावर असतात. यंत्रमागावर १२ तासांची पाळी, नाहीतर मिलमधले काम. घरी असलेल्या बायकांच्याही हातात साडीचे टिकी लावण्याचे किंवा धागे कापण्याचे काम असते. अशा घरात १३-१४ वर्षांचे मूल शाळेतून आल्यावर गॅस पेटवतेच. धाकट्या भावंडाला भूक लागलेली असते. तेव्हा मुलांनी स्वयंपाक करावा की नाही, हा प्रश्न आपल्यापुढे नाहीच. ती करत आहेत. कोणी नीट शिकवलेले नसताना, मोबाईलवर अर्धा मिनिट पाहून करत आहेत, एवढेच.

आणि "मुली" नव्हे, "मुले" असे आम्ही मुद्दाम लिहितो. बहीण असली तर भावाने पाण्याचा पेलाही उचलायचा नाही, ही रीत आपल्याकडे अजून गेलेली नाही. पुढे नोकरीसाठी पुण्याला किंवा बडोद्याला खोली घेऊन राहिलेली हीच मुले महिनोन् महिने वडापाव आणि बिस्किटांवर काढतात. हा तास मुलांनाही सक्तीचा असावा.

आता खिम्याबद्दल. आपल्या समाजात माळकरी कुटुंबे आहेत, श्रावण कडक पाळणारी आहेत, सोमवार-गुरुवार न खाणारी तर बहुतेक सगळीच आहेत. कानबाईचे रोट असतात त्या दिवसांत कोणाच्या घरी काय शिजते हे सांगायची गरज नाही. पण रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे आपलीच माणसे रांगेत उभी असतात, हेही तितकेच खरे. सन २०१४ च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीत गुजरातेत १५ वर्षांवरील सुमारे ३९ टक्के लोकांनी आपण मांसाहारी असल्याचे सांगितले होते. म्हणजे गुजराती माणूस खात नाही आणि आपणच काहीतरी चोरून खातो, ही समजूतही खरी नाही. सुरतेच्या पारशी घरांतला खिमा आणि हातगाडीवरचा अंड्यांचा घोटाळो तर या शहराचा अभिमानच आहे. सन २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये राज्यातल्या काही महापालिकांनी अंडी-मांसाच्या गाड्या रस्त्यांवरून हटवायला सुरुवात केली, तेव्हा अहमदाबादच्या फेरीवाल्यांच्या अर्जावर गुजरात उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये पालिकेला चांगलेच फटकारले होते. लोकांनी काय खावे हे ठरवणारे तुम्ही कोण, असा त्या बोलण्याचा आशय होता. मुलांनी आपल्या घरच्या जेवणाची लाज बाळगू नये आणि शेजारच्या बाकावरच्या माळकरी मित्राची थट्टाही करू नये, या दोन्ही गोष्टी आम्हाला सारख्याच महत्त्वाच्या वाटतात.

परंतु खिमाच का, रस्सा का नाही? आमच्या मते खिमा हा पदार्थ न शिकता करण्यात धोका सर्वांत जास्त आहे. मटणाच्या अखंड तुकड्यावर जे जंतू असतात ते बहुतेक बाहेरच्या बाजूला असतात. तो बाहेरून चांगला तापला की ते मरतात. यंत्रातून बारीक केल्यावर बाहेरचा भाग आत मिसळतो आणि जंतू सगळीकडे पसरतात. म्हणून खिमा आतपर्यंत सारखा तापलाच पाहिजे. अमेरिकेतल्या सरकारी नियमाप्रमाणे बारीक केलेले मटण ७१ अंश आणि कोंबडी किंवा टर्की ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापावी लागते. आपल्या घरी स्वयंपाकाचा तापमापक नसतो. (विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगशाळेतला पाऱ्याचा थर्मामीटर कढईत घालण्याचा विचारही करू नका.) रंग बदलला म्हणजे शिजला, असे मुले धरून चालतात, ते बरोबर नाही, कारण गुलाबी रंग पुष्कळदा आधीच जातो. गुठळ्या पूर्ण मोडलेल्या असाव्यात, सगळीकडून वाफ यावी, झाकणाखाली चांगल्या उकळ्या फुटाव्यात आणि कडेने तेल सुटावे. तेल सुटेपर्यंत थांबा, असे आपल्या आज्या सांगत आल्या त्यात चव आणि आरोग्य दोन्ही होते.

टर्कीचे नाव वर आले म्हणून थोडे विषयांतर. आपल्या काही कुटुंबांतली मुले अमेरिकेत आहेत. तिकडे बारीक केलेली टर्की कुठल्याही दुकानात डबाबंद मिळते, आणि पुष्कळ भारतीय घरांत तिचाच खिमा होतो. आले-लसूण आणि काळा मसाला पडला की ओळखू येत नाही म्हणतात. हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. सुरत आणि खंबायत या बंदरांचा कारभार पाहणारा मुकर्रब खान १६१२ मध्ये गोव्याहून जहांगीर बादशहासाठी अपूर्व वस्तू घेऊन गेला, त्यांत एक टर्की होती. बादशहाने आपल्या आठवणींत तिचे वर्णन लिहिले आणि उस्ताद मन्सूरने काढलेले तिचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. इतिहासाच्या तासाला हे सांगण्यासारखे आहे. तो पक्षी मात्र चित्रासाठी होता, कढईसाठी नव्हे.

आता कृती. ती आम्ही सविस्तर देतो, कारण "खिमा परतून घ्यावा" या तीन शब्दांतच सगळी गफलत होते. आपल्या घरी बहुधा आधी कांदा, मग वाटण, मग त्यावर सगळा खिमा एकदम घालतात. अर्धा किलो गार खिमा एकाच वेळी पडला की कढई थंड होते, खिम्याला पाणी सुटते आणि तो परतला न जाता त्या पाण्यात उकडतो. करडा रंग, रबरासारख्या गोळ्या आणि तो ओला वास येतो तो यामुळे. त्यापेक्षा रुंद लोखंडी कढई चांगली तापवावी, एक पळी तेल घालावे आणि अर्धाच खिमा पसरून टाकावा. दोन-तीन मिनिटे त्याला हात लावू नये. हे सर्वांत अवघड आहे, मुलांना सतत ढवळायचे असते. खालची बाजू तांबूस झाली की उलथन्याने मोडत मोडत परतावे, ताटात काढावे आणि उरलेला अर्धा तसाच परतावा. तो खरपूस तांबूसपणा हीच निम्मी चव आहे. मीठ या वेळी घालू नये, त्याने आणखी पाणी सुटते. या ताटात काढलेला खिमा अजून कच्चाच समजावा; तो चाखू नये आणि ते ताट धुतल्याशिवाय वाढायला घेऊ नये.

मग त्याच कढईत, खाली चिकटलेल्या खरवडीसकट, तीन मध्यम कांदे बारीक चिरून घालावेत. कांद्याच्या पाण्याने खरवड आपोआप सुटते. दोन चमचे आले-लसणाचे वाटण, अर्धा चमचा हळद, दोन टोमॅटो. टोमॅटो मऊ झाला की खिमा परत आत घालावा, मीठ घालावे आणि आपला खान्देशी काळा मसाला दीड-दोन चमचे. हा मसाला आधीच भाजलेला असतो, तो तापल्या तेलात सुरुवातीला घातला तर जळून कडू होतो. म्हणून शेवटाकडे, अर्धी वाटी गरम पाण्याबरोबर. झाकण ठेवून मंद आचेवर कोंबडीचा खिमा १२ ते १५ मिनिटे, मटणाचा २५ ते ३० मिनिटे. टर्कीला चरबी कमी, ती लवकर कोरडी पडते. तिला तेल आणि टोमॅटो थोडे जास्त लागतात. कळण्याची भाकरी असेल तर पाव आणायला जाऊ नये, हे आमचे वैयक्तिक मत.

खरेदीचेही सांगतो. खिमा करून आणल्यावर नळाखाली धुवत बसू नये. चव जाते आणि ओटाभर शिंतोडे उडतात. दुकानातच तुकडे स्वच्छ करून घ्यावेत, यंत्र धुतलेले आहे का ते पाहावे आणि आपल्यासमोर खिमा करून घ्यावा. ज्या सुऱ्या-पाटावर मांस ठेवले त्यावर कोशिंबीर चिरू नये. गोठलेला खिमा ओट्यावर नव्हे, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्यावा. सुरतेने १९९४ ची प्लेगची साथ पाहिली आणि त्यानंतर आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात हॉटेलांच्या स्वयंपाकघरांवर पडलेल्या धाडीही पाहिल्या. या शहरातल्या मुलांना स्वच्छतेचा धडा पुस्तकातून वेगळा द्यायला नको.

डब्याचा प्रश्न उरतो. मुलांनी डब्यात मांसाहार आणू नये असा नियम करावा, अशी काही पालकांची मागणी आहे. खिम्यापुरते आम्हीही "आणू नये" असेच म्हणतो, पण आमचे कारण वेगळे आहे. पहाटे सहाला भरलेला डबा मधल्या सुट्टीत उघडतो. शिजवलेले मांस साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त आणि ३२ अंशांच्या वर एका तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. एप्रिल-मेच्या सुरतेत, पत्र्याच्या वर्गात दप्तराच्या आत किती तापमान होत असेल याचा हिशेब सातवीचा विद्यार्थीही करील. नियम करायचाच तर हे कारण लिहून करावा. घरी उरलेला खिमाही लगेच फ्रिजमध्ये जावा आणि एकदाच, वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा.

पोषणाची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातेतील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ६९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. आपल्या दहावीच्या वर्गात ४० मुली असतील तर हे प्रमाण किती मुलींपर्यंत जाते ते पाहा. मांसातले लोह शरीरात सहज शोषले जाते. जे खात नाहीत त्यांनी डाळी, हरभरे, पालेभाज्यांवर लिंबू पिळून खावे, त्याने वनस्पतीतले लोह अधिक शोषले जाते. पण जी घरे खातात, त्या घरांत पुरुषांना आधी वाढून झाल्यावर मुलीच्या ताटात नुसता रस्सा येतो, हे आम्ही पाहिलेले आहे. खिम्यात निवडून घेण्यासारखे तुकडे नसतात. कढईतून सगळ्यांना सारखे वाढता येते.

म्हणून आमची सूचना अशी. शाळेच्या आवारात मांस शिजवू नये. आवार सर्वांचे आहे, आणि ज्यांना तो वास सहन होत नाही त्यांनाही तेथे मोकळेपणाने बसता आले पाहिजे. पण पद्धत शिकवावी, आणि ती सोयाबीनच्या चुऱ्यावर शिकवावी. चुरा गरम पाण्यात १५ मिनिटे भिजवून घट्ट पिळून घेतला की कढईत त्याची वागणूक जवळजवळ खिम्यासारखीच असते: गर्दी केली की उकडतो, पसरून टाकला की खरपूस होतो. शिवाय १०० ग्रॅम कोरड्या चुऱ्यात सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात. माळकरी घरचे मूल तेच घरी करील, दुसरे मूल रविवारी आईच्या देखरेखीखाली खिमा करील. शिजल्याची खूण आणि कच्च्या मांसाची स्वच्छता हा भाग फळ्यावर समजावून सांगावा. तो विज्ञानच आहे, त्याला कोणाची हरकत असू नये.

खर्च फारसा नाही. दोन शेगड्या, दोन रुंद कढया आणि एक अग्निशामक नळकांडे, एवढे विश्वस्त मंडळाने द्यावे. ओढण्या बांधून घेणे आणि तास संपल्यावर रेग्युलेटर बंद करणे याची जबाबदारी रोज एका विद्यार्थ्याकडे, मुलगा असो की मुलगी, आळीपाळीने राहावी. काळा मसाला घरोघरचा वेगळा असतो आणि त्यावरून भांडणे होणारच. तेव्हा पहिल्या तासाला प्रत्येकाने आपापल्या घरचा दोन चमचे पुडीत बांधून आणावा.