पावणेचारशे भागाकार

दोस्तांनो, २१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे का, सांगा पाहू! दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दचकलात ना? ३१ वेळा २ मांडून गुणाकार करा, त्यातून १ वजा करा, की झाली ही संख्या तयार.

आपली शाळेतली रीत म्हणजे २, ३, ५, ७ अशा एकेका मूळ संख्येनं भागत जायचं आणि वर्गमूळापाशी थांबायचं. या संख्येचं वर्गमूळ सुमारे ४६,३४१. तिथपर्यंत साडेचार हजारांहून जास्त मूळ संख्या आहेत. करा भागाकार!

१७७२ साली लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञानं ही संख्या मूळ असल्याचं जाहीर केलं. तेव्हा तो रशियात, सेंट पीटर्सबर्गला राहायचा आणि त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. मग एवढे भागाकार त्यानं केले कसे? केलेच नाहीत! कुठले करायचे नाहीत, हे त्यानं आधी ठरवलं.

त्याची युक्ती लहान संख्येवर बघू. ११ वेळा २ घेतले तर २०४८, वजा १ म्हणजे २०४७. तिचे अवयव २३ आणि ८९. अकराची दुप्पट २२. तिनं दोघांनाही भागा, बाकी १ उरते. आता ८ नं भागा. २३ ला बाकी ७, ८९ ला १. हा योगायोग नाही बरं का! जितके दोन मांडले तो आकडा विषम मूळ संख्या असेल, तर प्रत्येक विभाजकाला हे दोन्ही नियम लागू पडतात: दुपटीनं भागून बाकी १, आणि ८ नं भागून बाकी १ किंवा ७.

आपल्या संख्येसाठी ६२ नं भागून बाकी १ हवी. दोन्ही नियमांत बसणाऱ्या संख्या ४६,३४१ च्या आत आहेत फक्त ३७३. त्यातल्याही ज्या मूळ नाहीत त्या गाळायच्या. उरलेल्या एकीनंही भाग गेला नाही!

हीच संख्या पुढे संगणकात भेटते. बऱ्याच जुन्या यंत्रांत एका संख्येला ३२ खण असतात. एक खण अधिक-उणे चिन्हाचा, बाकीच्या ३१ खणांत मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे आपली ही. (ती मूळ आहे याच्याशी यंत्राला काही देणंघेणं नाही!) ही यंत्रं १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात. १९ जानेवारी २०३८ ला, भारतात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की खण भरतील. पुढच्या सेकंदाला, दुरुस्त न केलेलं यंत्र डिसेंबर १९०१ ची तारीख दाखवेल. ६४ खणांच्या यंत्रांना ही भीती नाही. तोवर तुम्ही किती वर्षांचे असाल?

आता वही घ्या. कॅल्क्युलेटर नको हं! १३ वेळा २ घेऊन मिळते ८१९१. ती मूळ आहे हे ठरवायला एकच भागाकार पुरतो. कोणत्या संख्येनं? आणि ताई-दादांसाठी, १७ दोनांची १,३१,०७१. तिला तीन भागाकार लागतात. उत्तरं पुढच्या अंकात.