दोन मार्कांचं सहजीवन

शाळेत एक ठरलेला प्रश्न असायचा – 'सहजीवन म्हणजे काय?' उत्तरही ठरलेलं. फूल पक्ष्याला मध देतं, पक्षी फुलाचे पराग वाहून नेतो, दोघांचाही फायदा. दोन मार्क खिशात! हे उत्तर किती अपुरं आहे, ते मला हमिंगबर्डबद्दल वाचताना कळलं.

आधी एक कबुली देते. इंग्लिश रीडरच्या कृपेने आमच्या जास्वंदीवर येणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याला मी कित्येक वर्षं हमिंगबर्डच म्हणायचे. शेवटी आजोबा म्हणाले, "अगं, तो शिंजीर!" हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आणि तिथल्या बेटांवर सापडतात. जाती साडेतीनशेच्या आसपास. शिंजीर मध पिताना बहुधा फांदीवर बसतो. हमिंगबर्ड हेलिकॉप्टरसारखा हवेत थांबून पितो. अशा उडण्याला इंधन प्रचंड लागतं, म्हणून दिवसभर फुलं गाठत राहावं लागतं.

आता अँडीज पर्वतात चला. तिथल्या सोर्डबिल हमिंगबर्डची चोच शेपूट सोडून बाकीच्या शरीरापेक्षाही लांब असते. आपल्या कृष्णकमळाच्या नात्यातली 'पॅसिफ्लोरा मिक्स्टा' ही वेल तिथे वाढते. तिच्या फुलाची नळी १० सेंटीमीटरच्या आसपास, आणि परागीकरणासाठी ती याच पक्ष्यावर अवलंबून. वर्कशॉपच्या भाषेत अगदी परफेक्ट फिटिंग! पण मित्रांनो, एकाच बोल्टवर उभी असलेली मशीन आपण पास करू का? उद्या हा पक्षी गेला तर वेल फुलेल, पण फळ कुठून धरणार?

याच्या उलट गोष्ट कॅरिबियन बेटांवरची. तिथे 'पर्पल-थ्रोटेड कॅरिब' नावाचा हमिंगबर्ड आहे. नराची चोच आखूड आणि कमी वाकडी, मादीची लांब आणि जास्त वाकडी. तिथे केळीसारख्या पानांच्या हेलिकोनियाच्या दोन जाती आहेत. एकीची फुलं नराच्या चोचीला बसतात, दुसरीची मादीच्या. सेंट लुसिया बेटावर नराची जात काही ठिकाणी दुर्मीळ आहे. तिथे मादीच्या हेलिकोनियाचाच आखूड फुलांचा, जास्त मधाचा दुसरा प्रकार आढळतो आणि नर त्यावर जातात! टेमेलिस आणि सहकाऱ्यांनी २००० साली हे 'सायन्स'मध्ये मांडलं. म्हणजे रिकामी झालेली पोस्ट कुणीतरी भरली. अर्थात अशी भरती दोन-चार वर्षांत होत नाही, त्याला उत्क्रांतीचा काळ लागतो.

आणि या व्यवहारात चोरही आहेत बरं का! फ्लॉवरपिअर्सर नावाचे पक्षी आकड्यासारख्या चोचीने फुलाला बुडाशी भोक पाडून मध पळवतात. परागांना स्पर्शसुद्धा नाही. मग त्याच भोकातून काही हमिंगबर्डही हात मारून घेतात.

सांगायचा मुद्दा असा, की जंगल म्हणजे नुसती झाडं अधिक पक्षी अशी बेरीज नाही. कोणाचं कोणावाचून अडतं, कोणाला पर्याय आहे, कोण फुकट खातो, या सगळ्या जोडण्या मिळून जंगल होतं. यादीतलं एक नाव खोडलं तर किती जोडण्या तुटतील, हे नुसत्या यादीवरून कळत नाही.

आणि आपण मात्र यादीवरच खूश! वृक्षारोपण झालं की रिपोर्टमध्ये येतं, 'इतकी रोपं लावली'. फोटो, टाळ्या, संपलं. रोपं कोणती, त्यांच्या फुलांवर कोणी येतं का, याला रकानाच नाही. मला वाटतं यंदा तो रकाना हवाच. आपल्याकडे हमिंगबर्ड नसले तरी शिंजीर आहेत, मधमाश्या आहेत, फुलपाखरं आहेत. रोपं निवडण्याआधी महिनाभर कॅम्पसवरच्या कोणत्या फुलावर कोण येतं, याची नोंद करूया. वही मी आणते. सकाळी सातला लायब्ररीमागच्या जास्वंदीपाशी दोघं-तिघं आले तरी पुरे.