छडीच्या जागीं काय?

‘शिक्षा’ या शब्दाचें आमच्या भाषेंत जें झालें, तें विचार करण्यासारखें आहे. सहा वेदांगांत पहिलें नांव शिक्षेचें; तैत्तिरीय उपनिषदाचा आरंभहि शीक्षावल्लीनें होतो. तेथें शिकणें आणि शिकविणें हाच तिचा अर्थ. हिंदींत तो अजून टिकला आहे. मराठींत मात्र शिक्षा म्हटली कीं दंडच डोळ्यांपुढें येतो. जुना अर्थ आम्हीं पंतोजींच्या छडीला वाहून टाकला.

त्या छडीला आतां कायद्यानें मज्जाव आहे. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें, सतराव्या कलमांत, मुलाला मारणें आणि त्याचा मानसिक छळ करणें या दोहोंसहि बंदी केली, व १ एप्रिल २०१० पासून तो अमलांत आला. परंतु कायदा हातांतली छडी काढून घेतो. रिकाम्या हातानें भरलेला वर्ग कसा सांभाळावा, हें तो शिकवीत नाहीं. तें शिक्षकाला कोणी तरी शिकवावें लागतें.

मन चांगलें असलें म्हणजे पुरे, असें म्हणणारांनीं गांधीजींच्या आत्मकथेंतील एक प्रसंग आठवावा. दक्षिण आफ्रिकेंत टॉलस्टॉय फार्मवर ते मुलांना शिकवीत. मारण्याच्या ते विरुद्धच होते. तरीहि एका दांडग्या, भांडखोर मुलाच्या वर्तनानें त्यांचा तोल गेला आणि त्यांनीं त्याच्या दंडावर रूळ मारला. मारतांना ते स्वतःच कांपत होते. मुलगा रडला, त्यानें क्षमाहि मागितली. पण त्या रुळानें आपल्यांतील पशूच प्रकट झाला, अशी खंत गांधीजींना पुढें राहिली. जेथें अशा पुरुषाचा हात उठला, तेथें दिवसभर गलक्यांत उभ्या असणाऱ्या सामान्य शिक्षकाकडून केवळ सद्‌भावनेच्या बळावर संयमाची अपेक्षा करणें न्यायाचें नाहीं. राग आवरणें ही अभ्यासानें येणारी विद्या आहे.

ही गोष्ट वर्धा जिल्ह्याला नवी नाहीं. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्ध्यास शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली गेली. ‘वर्धा योजना’ म्हटली कीं लोकांना टकळी तेवढी आठवते. परंतु समितीनें शिक्षकांच्या तयारीचाहि विचार केला होता, आणि १९३८ सालीं वर्ध्यासच विद्यामंदिर योजनेच्या शिक्षकांसाठीं शिक्षणशाळा निघाली. सेवाग्रामास आर्यनायकम् पतिपत्नींनीं हिंदुस्तानी तालीमी संघाच्या द्वारें तें कार्य पुढें चालविलें. त्याच सेवाग्रामांत २००५ पासून आनंद निकेतन ही मराठी शाळा चालू आहे. आधीं शिक्षक घडवावा, मग शाळा, हा धडा या जिल्ह्यानेंच देशाला दिला.

आज त्या धड्याची निकड अधिक आहे. २००६ सालीं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं केंद्र सरकारनें मदतीची योजना जाहीर केली, त्यांत वर्धाहि होता. कर्जाची आणि नापिकीची चिंता घराच्या उंबरठ्यावर थांबत नाहीं. ती मुलाच्या दप्तरांतून वर्गांत येते. एक मूल शेजाऱ्याला ढकलतें, दुसरें आठवडाभर बोलत नाहीं, तिसऱ्याचा अभ्यास एकाएकीं मागें पडतो. अडाणी डोळ्याला पहिलें द्वाड, दुसरें घुमें आणि तिसरें आळशी दिसतें. तिघांच्याहि मागें एकच दुःख असूं शकेल, हें ओळखण्यास डोळा तयार करावा लागतो.

तो तयार करण्याची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयानें जुलै २०२५ मध्यें शिक्षणसंस्थांवर स्पष्टपणें टाकली. शिक्षक व इतर नोकरवर्ग यांना वर्षांतून निदान दोनदां तज्ज्ञांकडून शिक्षण द्यावें. शंभर वा अधिक विद्यार्थी असल्यास एक समुपदेशक असावा. लहान शाळांनीं बाहेरच्या तज्ज्ञांशीं रीतसर संबंध ठेवावा. आणि मार्कांवरून चारचौघांत कोणाची मानखंडना करूं नये.

या शिक्षणांत गूढ असें कांहीं नाहीं. पाहणें, ऐकणें आणि योग्य ठिकाणीं जोडून देणें, या तीन पायऱ्या जागतिक आरोग्य संघटनेनें २०११ सालीं मानसिक प्रथमोपचारांच्या पुस्तिकेंत मांडल्या आहेत. मुलाच्या वागण्यांतला फरक टिपावा. त्याला एकीकडे घेऊन, उपदेश न करतां, त्याचें बोलणें पुरतें ऐकावें. जिवाचें बरेंवाईट करण्याचा विचार मनांत येतो काय, असें शांतपणें विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत शिरतो ही समजूत खोटी आहे. तसा विचार असल्यास गुप्ततेचें वचन देऊं नये, मुलाला एकटें सोडूं नये व तज्ज्ञाकडे पोंचवावें. सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनीसेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. मारामारी झाली तर दोघांना आधीं दूर करावें, राग ओसरल्यावर दोघांचेंहि ऐकावें, आणि मार खाणाऱ्याला पुन्हां त्याच जाचांत ढकलूं नये.

शेवटीं एक गोष्ट आमच्या घरांविषयीं. आमच्या ओसरीवर अजून आजोबा पंतोजींच्या छडीच्या गोष्टी कौतुकानें सांगतात, आणि शिक्षकांस ‘हवें तर दोन द्या’ असें सांगणारे काकाहि घरोघरीं आहेत. अशा घरचें मूल शाळेंत मार खाऊन आलें तर कोणापाशीं बोलणार? शाळेच्या पालकसभेस जाऊन ‘आमच्या मुलाला कितवा नंबर मिळाला’ या प्रश्नाबरोबर ‘आपल्या शिक्षकांना हें शिक्षण मिळालें काय’ हाहि प्रश्न वडील मंडळींनीं विचारावा. आणि रात्रीं पंगतींत मूल गप्प असेल, तर पान वाढणाऱ्या माउलीनें वा शेजारीं बसलेल्या आजोबांनीं, मार्कांची गोष्ट न काढतां, आज काय झालें एवढेंच पुसावें.