एक खाडी, अनेक खाती

रेवदंड्याहून साळावकडे जाणाऱ्या पुलावर उजव्या हाताला कोर्लईचा किल्ला व समुद्र आणि डाव्या हाताला कुंडलिकेची खाडी दिसते. किल्ल्याच्या पायथ्याशी आपला जुना ख्रिस्ती समाज आजही आपली पोर्तुगीजमिश्रित बोली जपून आहे, हे वाचकांस ठाऊक आहेच. खाडी मात्र त्याच्याइतकी जपली गेलेली नाही.

पाणी एकच, त्यावर अधिकार सांगणारी खाती मात्र एका हाताच्या बोटांवर मावत नाहीत. रोह्याजवळील धाटावच्या औद्योगिक वसाहतीतून येणारे सांडपाणी पाहायचे ते प्रदूषण नियंत्रण मंडळाने. जेट्टी मेरीटाईम बोर्डाची, तिवरे वनखात्याच्या कांदळवन कक्षाची, बांध खारभूमी विभागाचे, मासळी मत्स्यव्यवसाय विभागाची आणि जमीन महसूल खात्याची. भरती येते तेव्हा ती या हद्दी विचारून येत नाही.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या अहवालात देशातील 351 प्रदूषित नदीपट्टे नोंदले गेले. त्यांपैकी 53 महाराष्ट्रातील असून कुंडलिकेचाही त्यांत समावेश होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने प्रत्येक राज्याला नदी पुनरुज्जीवन समिती नेमण्याचा आदेश दिला. पर्यावरण, नगरविकास व उद्योग या विभागांचे संचालक आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सदस्य सचिव असे चौघे तीत असावेत, असे ठरले. एकत्र बसण्याची ही सक्ती स्वागतार्हच होय. परंतु या चौघांत मत्स्यव्यवसाय नाही, वनखाते नाही आणि खारभूमीही नाही. पाणी बिघडल्याचे सर्वांआधी ज्याच्या जाळ्यात कळते, त्या कोळ्याची बाजू तेथे मांडणार कोण?

दि. 17 सप्टेंबर 2018 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांसंबंधी आपला सविस्तर निकाल दिला. तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग होय, असे न्यायालयाने म्हटले. तिवरांभोवती 50 मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्याचे आणि नष्ट झालेली कांदळवने पूर्ववत करण्याचे बंधनही त्याने शासनावर घातले. देखरेखीसाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती आली. म्हणजे एकाच महिन्यात एका समितीकडे पाणी गेले आणि दुसरीकडे त्या पाण्यात उभी असलेली झाडे!

या विभागणीची किंमत कोण मोजतो, हे पाहावयाचे असेल तर अलिबाग तालुक्याच्या दुसऱ्या अंगाला, धरमतर खाडीच्या बाजूस असलेल्या खारेपाटात जावे. तेथील भातशेती समुद्राच्या पाण्यापासून बांधांनी राखलेली आहे. बांधाची वेळेवर दुरुस्ती झाली नाही की खांड पडते, खारे पाणी शेतात शिरते आणि काही वर्षांत तेथे तिवरे उगवतात. तिवर एकदा उगवले की कायद्याने ते तोडता येत नाही. एका खात्याच्या दिरंगाईने शेत बुडाले आणि दुसऱ्या खात्याच्या कायद्याने ते तसेच राहिले. सातबारावर नाव मात्र शेतकऱ्याचेच! अशा माणसाला तिवराचे माहात्म्य सांगू गेल्यास तो ऐकेल कसा? ज्या खारेपाटातील तळ्यांत खाडीचे बी आणून जिताडा वाढविण्याची परंपरा आहे, तेथील शेतकऱ्याला खाडीचे मोल कोणी शिकवावयास नको. त्याला हवी आहे ती नुकसानभरपाई, आणि ती देण्याचे दायित्व कोणाचे, याचे एक उत्तर.

उत्तराचा एक धागा राज्याच्याच 2017 च्या कांदळवन संवर्धन व उपजीविका योजनेत आहे. तीत गावाची समिती तिवरे राखते आणि खेकडे, कालवे यांच्या पालनासाठी अथवा पर्यटनासाठी शासन साहाय्य देते. वेंगुर्ल्यात महिलांच्या बचत गटाने होडीतून कांदळवनाची सफर घडविण्याचा व्यवसाय उभा केला. केंद्राने 2023 साली आणलेल्या ‘मिष्टी’ योजनेचे लक्ष्य पाच वर्षांत 540 चौरस किलोमीटरचे आहे. लागवडीचे आकडे कागदावर शोभून दिसतात. पण भरती-ओहोटीचा अडलेला मार्ग मोकळा केला तर अनेक ठिकाणी तिवरे आपोआप उगवतात, आणि चिखलात चुकीच्या जागी रोवलेली रोपे मरतात. मार्ग मोकळा करायचा म्हणजे पुन्हा महसूल, खारभूमी व वन या तिघांची सही आली.

अधिकार एका ठिकाणी आणणे अशक्य नाही. 1981 च्या सागरी मासेमारी कायद्याखालील कारवाईची प्रकरणे पूर्वी तहसीलदारांपुढे जात. 2021 च्या दुरुस्तीने तो अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आला आणि दंडही वाढले. समुद्रासाठी जे जमले, ते खाडीसाठी का जमू नये?

रेवस–रेड्डी सागरी महामार्गाच्या योजनेत याच खाडीवर नवा पूल आहे. पूल हवाच आहे; रुग्णाला अलिबागला नेणाऱ्या कुटुंबाला तो नको कसा असेल? मात्र अशा कामात तिवरे तोडावयाची झाल्यास उच्च न्यायालयाची परवानगी लागते आणि तिच्यासोबत भरपाई लागवडीची अट येते. ती लागवड कुंडलिकेच्याच काठी होणार की दूर कुठल्या तालुक्यात, आणि आरे खुर्दपासून खाली येणाऱ्या पाण्यात ती जगेल याची हमी कोणते खाते देणार, हे काम सुरू होण्याआधी रेवदंडा, साळाव व कोर्लई येथील ग्रामसभांना लेखी कळावयास हवे.