पांढरीची साक्ष

आपल्याकडे इतिहास म्हटला की राजधानी! वाकाटकांचे नाव निघाले रे निघाले, की दुसऱ्या प्रवरसेनाचे प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार की रामटेकजवळचे मनसर, यावर विद्वान मंडळी बाह्या सरसावतात. वाद गोड आहे, चालू द्यावा. पण दख्खनच्या पठाराच्या उत्तर अंगाला चौथ्या-पाचव्या शतकांत हे साम्राज्य ज्यांच्या घामावर उभे होते, ती खेडी कशी नांदत होती? चुलबंदकाठच्या आम्हां सडक अर्जुनीकरांच्या नावामागे राजवाडा नाही, सडक आहे. तेव्हा हा प्रश्न आम्ही नाही विचारायचा तर कोणी?

निम्मे उत्तर ताम्रपटांत आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी १९६३ साली वाकाटकांचे लेख एका ग्रंथात एकत्र छापले. त्यांतील दानपत्रे वाचताना मौज वाटते ती सवलतींच्या यादीची. दान दिलेल्या गावात राजाचे शिपाई शिरणार नाहीत. गावाकडून पाळीपाळीने गाई-बैल मागितले जाणार नाहीत, फुले नि दूध नाही, फिरतीवरच्या अंमलदारासाठी चारा, बसायला कातडे आणि शेगडीला कोळसा नाही. मीठ व मद्य यांवरचा सरकारी हक्क सोडला आहे, आणि वेठ सगळीच माफ!

आता हीच यादी उलटी वाचा. ज्या गावाला दानाचे भाग्य लाभले नाही, त्याला हे सारे द्यावे लागत होते. मला तर ह्या यादीतून स्वारी आल्याची वर्दी देत पळणारा पोरगा आणि बैल लपवायला रानाकडे निघालेला शेतकरी दिसतो.

अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथे सापडलेला प्रवरसेनाचा ताम्रपट आणखी बोलका आहे. राजाने एक हजार ब्राह्मणांना आठ हजार भूमी मापाचे गाव दिले, पण अट घातली : राजद्रोह करू नये, चोरी-व्यभिचार करू नये, लढाई करू नये, इतर गावांना उपद्रव देऊ नये. तसे झाल्यास गाव परत घेण्यात राजाला चोरीचा दोष लागणार नाही! इतकी सावध भाषा पुढच्या काळातल्या दानपत्रांतही सहसा आढळत नाही.

मात्र ताम्रपट बोलतो राजाच्या तोंडाने. गावकऱ्याची चूल कुठे होती, मडके कसले होते, हे सांगते ती पांढरी. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. राख, शेण, पडक्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या साचून ती जमीन पांढरट होते आणि तिचे टेकाड बनते. नगरधन येथे २०१५ ते २०१८ या काळात राज्याचे पुरातत्त्व खाते व डेक्कन कॉलेज यांनी उत्खनन केले, तेव्हा प्रभावतीगुप्तेच्या नावाची, शंखाचे चिन्ह असलेली मातीची मुद्रा हाती आली. चंद्रगुप्त दुसऱ्याची ही कन्या. पती गेल्यावर मुलाच्या वतीने तिने राज्य चालविले. इवलासा तो मातीचा तुकडा! भाजलेल्या ढेकळांत तो सहज हरवला असता. कुही तालुक्यातल्या अडमला सापडलेली, ‘असक जनपदा’चे नाव असलेली मुद्राही तशीच, ती तर आणखी जुन्या काळची.

आणि पांढरीची ही माती आपण खत म्हणून शेतात ओढतो, विटांना वापरतो. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. ती माती पिकाला मानवते, हे त्याला पुस्तकावाचून कळते. दुसरे खणणारे येतात ते गुप्तधनासाठी, रात्री. वाकाटकांच्या दानपत्रांत जमिनीतला निधीही दानासोबत देऊन टाकलेला असतो, म्हणजे हा लोभ दीड हजार वर्षांचा आहे! पण दोघांच्याही कुदळीखाली थर एकदा कालवले गेले, की कुठले मडके कुठल्या चुलीपाशी होते हे सांगायला कोणी उरत नाही. चम्मकच्या राजाने काय माफ केले ते आपल्याजवळ तांब्यावर कोरलेले आहे. माफी न मिळालेल्या गावाजवळ एवढे एकच टेकाड आहे.

वाचकहो, पावसाळ्यानंतर नाल्याकाठची दरड ढासळते, तीत खापरांचा नि राखेचा पट्टा दिसला तर खापर खिशात घालू नका. जागा टिपून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याच्या नागपूरच्या कार्यालयाला एक पत्र टाका. पत्रात शेताचा गट क्रमांक लिहायला विसरू नका.