विश्लेषण : कॉमिक दोघांचे, मग मालकी कोणाची?

विज्ञानकथा लिहिणारा एक आणि चित्रे काढणारा दुसरा, अशी जोडी जमली की पहिल्या भेटीत कथानक ठरते, दुसऱ्या भेटीत नायिकेचे नाव ठरते आणि तिसऱ्या भेटीत वेबसीरिज निघाली तर भूमिका कोणी करायची, हेही ठरते. मालकी कोणाची, हे मात्र ठरत नाही. ‘मित्रामित्रांत कसला करार?’ असे म्हणत तो विषय चहाबरोबर संपतो.

प्रस्तुत लेखकाने नेमके हेच केले. मी पुण्यात लिहिणारा, मित्र कोल्हापूरचा चित्रकार. शनीच्या कड्यांजवळ अडकलेल्या मालवाहू यानाची गोष्ट. १४ पाने तयार झाली आणि त्याचे एक पान मी समाजमाध्यमावर टाकले, ‘माझे नवे कॉमिक’ असे लिहून. खाली बारीक अक्षरात चित्रकाराचे नाव. एका निर्मिती संस्थेने विचारणा केली, तिला उत्तरही मी एकट्यानेच दिले. पंधरावे पान आले नाही.

स्वतंत्र कॉमिक म्हणजे काय?

मोठ्या प्रकाशनगृहासाठी काम करताना पात्र कंपनीचे असते; लेखक आणि चित्रकार बदलत राहतात. स्वतंत्र कॉमिकमध्ये मालकी निर्मात्यांकडे राहते. अमेरिकेत १९९२ मध्ये टॉड मॅकफार्लेन, जिम ली यांच्यासह सात लोकप्रिय चित्रकारांनी मिळून ‘इमेज कॉमिक्स’ स्थापन केली, ती याच मुद्द्यावर. तिथे प्रकाशक आपले शुल्क घेतो. पात्रांवर आणि कथेवर हक्क सांगत नाही.

याचा अर्थ काय होतो, हे ‘सागा’ या मालिकेत दिसते. लेखक ब्रायन के. व्हॉन, चित्रकार फिओना स्टेपल्स. पहिला अंक मार्च २०१२ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी पहिल्या खंडाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. झाडाचे बनलेले अंतराळयान, डोक्याच्या जागी टीव्ही असलेला राजपुत्र, असे हे जग. ५४ अंकांनंतर, २०१८ मध्ये, मालिका ऐन लोकप्रियतेत असताना दोघे थांबले. दुसरा चित्रकार आणून गाडी पुढे ढकलली गेली नाही. वाचक साडेतीन वर्षे थांबले आणि जानेवारी २०२२ मध्ये ५५वा अंक आला, त्याच दोघांचा. थांबण्याचा अधिकार हासुद्धा मालकीचाच भाग आहे.

१३० डॉलरची पावती

याच्या अगदी उलट गोष्ट सुपरमॅनची. क्लीव्हलंडमधली दोन शाळकरी मुले, जेरी सीगल लिहिणारा आणि जो शुस्टर चित्रे काढणारा. विज्ञानकथांचे वेड इतके की स्वतःच छापलेल्या नियतकालिकाचे नावही त्यांनी ‘सायन्स फिक्शन’ ठेवले होते. १९३३ च्या जानेवारीत त्यात त्यांची सुपरमॅन या नावाची पहिली कथा आली. तो सुपरमॅन तर खलनायक होता. म्हणजे सुरुवात स्वतंत्र, दोघांची आणि विज्ञानकथेची. पुढे १९३८ मध्ये त्यांनी नव्या सुपरमॅनचे सर्व हक्क प्रकाशकाला १३० डॉलरना विकले. नंतर दशकानुदशके कोर्टकज्जे झाले. १९७५ मध्ये, चित्रपट येऊ घातला असताना आणि वर्तमानपत्रांत ओरड झाल्यावर, दोघांना वार्षिक मानधन आणि श्रेयनामावलीत जागा मिळाली. त्या १३० डॉलरची नोंद असलेला मूळ धनादेश २०१२ मध्ये लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला गेला. कागदाची किंमत पात्राच्या मोबदल्याच्या हजार पटींहून जास्त!

पण ही झाली प्रकाशकाने हक्क घेतल्याची गोष्ट. निर्माते एकमेकांतच अडकतात तेव्हा ते जास्त लागते. रॉबर्ट कर्कमन आणि टोनी मूर हे लहानपणचे मित्र. दोघांनी आधी स्वतःच्या पैशांनी कॉमिक काढले, मग २००३ मध्ये ‘द वॉकिंग डेड’ ही झाँबींची मालिका सुरू केली. पहिले सहा अंक मूर यांनी काढले, नंतर चित्रकार बदलला. २०१० मध्ये टीव्ही मालिका आली, गाजली, आणि २०१२ मध्ये मूर न्यायालयात गेले. २००५ मध्ये हक्क सोडून देताना आपली फसवणूक झाली, असा त्यांचा आरोप होता. कर्कमन यांना तो मान्य नव्हता. त्याच वर्षी तडजोड झाली. कोण बरोबर, हे ठरवण्याची गरज आपल्याला नाही. मुद्दा एवढाच की यशाआधी ‘अरे, बघू नंतर’ वाटणारी गोष्ट यशानंतर वकिलांकडे जाते.

चित्रकार ‘मदत’ करतो का?

लेखकमंडळींचा (मीही त्यातलाच) समज असा की गोष्ट आपली, चित्रकार ती ‘सजवतो’. हिशेब करून पाहू. २२ पानांचा एक अंक. पटकथा लिहायला मला दोन आठवडे लागले, तेही संध्याकाळचे. चित्रकाराने नोकरी सांभाळून आठवड्याला दोन पाने पूर्ण केली, तर तोच अंक ११ आठवड्यांचा. सहा अंकांची मालिका म्हणजे १३२ पाने, सव्वा वर्ष.

विज्ञानकथेत हा बोजा आणखी वाढतो. पोलीसकथेत खुर्ची, रिक्षा, ठाणे समोर पाहून काढता येते. मी एका ओळीत लिहिले : ‘जुनाट मालवाहू यान, आत चाळीसारखी वस्ती.’ दोन मिनिटांचे काम. मित्राला त्या यानाचा नकाशाच करावा लागला. दारे कुठे, नळ कुठे, आणि गुरुत्वाकर्षण नसताना दोरीवरचे कपडे कसे वाळणार? याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. त्याने दोरीच काढून टाकली आणि भिंतीला जाळी लावली. त्या जाळीतूनच पुढे माझे सर्वांत चांगले प्रसंग सुचले. मग ती वस्ती कोणाची?

भारतीय कायदा काय सांगतो?

आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याची पहिली गोष्ट अनेकांना धक्का देते : निव्वळ कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या प्रत्यक्ष मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात, एका नाटकाची कल्पना चित्रपटात वापरल्याच्या वादात, हे स्पष्ट केले. त्यामुळे ‘कल्पना मूळ माझी’ हे वाक्य घरी कितीही मोठ्याने म्हटले तरी त्यावर मालकी उभी राहत नाही.

दुसरी गोष्ट संयुक्त कर्तृत्वाची. दोघांचे योगदान एकमेकांपासून वेगळे काढता येत नसेल, तर कायदा कृती संयुक्त मानतो. कॉमिकमध्ये पटकथा वेगळी आणि चित्रे वेगळी दाखवता येतात, म्हणून गुंता होतो : शब्द एकाचे, चित्रे दुसऱ्याची, आणि पात्र? ते दोन्हींत आहे. चित्रकाराला पानामागे पैसे दिले म्हणजे सगळे हक्क आपल्याकडे आले, असे गृहीत धरू नये. हक्क हस्तांतरित करायचे तर लेखी, सहीसह करावे लागतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क दिल्यानंतरही ‘हे मी केले आहे’ असे सांगण्याचा अधिकार निर्मात्याकडे राहतो. नोंदणी सक्तीची नाही. पुरावा म्हणून मात्र उपयोगी पडते.

कागदावर काय असावे?

माझे मत सरळ आहे. मालकी निम्मी-निम्मी, आणि मुखपृष्ठावर दोन्ही नावे एकाच आकारात. ‘मी पैसे घातले’ हे कारण मालकी वाढवण्यासाठी वापरू नये; छपाईचे पैसे कर्ज समजून विक्रीतून आधी परत घ्यावेत. त्यानंतर येणारी रक्कम, पानामागे ठरवलेला दर फिटेपर्यंत, चित्रकाराकडे जावी. मग वाटणी समान. लेखकाला हे जड वाटेल, पण वरचे ११ आठवडे आठवावेत. मूळ चित्रे चित्रकाराची. चित्रपट, मालिका, गेमचे हक्क दोघांच्या सहीशिवाय कोणी देऊ नयेत.

सर्वांत अवघड कलम शेवटचे : एकजण थांबला तर? दुसऱ्याने त्याच पात्रांसह पुढे जायचे की नाही, गेला तर आधीच्याला काय मिळेल, किती महिने वाट पाहायची. मैत्री शाबूत असते तेव्हाच याचे उत्तर दोन ओळींत लिहिता येते. शिवाय रंग भरणारा, अक्षरे बसवणारा यांचीही नावे आणि दर लिहावेत.

अक्षरांचे काम मराठीत तर हलके समजूच नये. चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये योग्य सेटिंग नसेल तर जोडाक्षरे फुटतात, वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. वर-खाली मात्रा आणि उकार असल्याने संवादाच्या फुग्यात इंग्रजीपेक्षा ओळी कमी मावतात. अवकाशाचा स्क्रीनवर झगमगणारा निळा रंग छपाईत मळकट उतरतो, हे आम्हाला नमुना प्रत हातात आल्यावर कळले. मध्ये पिन मारलेल्या पुस्तकाची पाने चारच्या पटीत लागतात, हेही. आमची १४ होती.

गेल्या महिन्यात मी मित्राला दोन पानांचा मसुदा पाठवला, आधी माफी मागून. आठ दिवस उत्तर नव्हते. नंतर तो परत आला. मुखपृष्ठावरच्या नावांच्या कलमाखाली त्याने रेघ मारली होती, आणि समासात पेन्सिलने लिहिले होते : ‘आणि पोस्टमध्येही.’