अतिशहाणा कंपायलर

डेडलाइन उद्यावर, प्रोग्राम रांगतोय आणि चूक आपल्या कोडची नाहीच! असंही होतं, बॉस.

आपण लिहितो त्याचं मशीन कोड बनवतो कंपायलर. 'ओ-थ्री' ऑप्शन दिला की वेगाची काळजी तो घेणार, ही आपली श्रद्धा. 2014 मध्ये या श्रद्धेला धक्का बसला. सी++ मधल्या एका छोट्या लूपचा काउंटर 32 बिटऐवजी 64 बिटचा केला, तर वेग सेकंदाला सुमारे 26 गिगाबाइटवरून थेट 13च्या आसपास!

झोल होता 'पॉपकाउंट' या आदेशात. आकड्यातले बायनरी 1 मोजणं, एवढंच त्याचं काम. उत्तर ज्या रजिस्टरमध्ये लिहायचं, तिथल्या जुन्या आकड्याशी त्याला देणंघेणं नाही. तरी तेव्हाचे इंटेल प्रोसेसर तो आकडा तयार होईपर्यंत थांबायचे. म्हणजे ज्या साहेबाचा फाइलशी संबंधच नाही, त्याच्या सहीसाठी ताटकळणं! कंपायलरला याचा पत्ताच नव्हता.

उपाय? रजिस्टर आधी शून्य करा. जीसीसी कंपायलर पुढे हेच शिकला. एक आदेश वाढला, वेळ मात्र घटला.

तेव्हा दोस्तहो, विश्वास ठेवा, पण घड्याळ लावून मोजाही. हुशार सहकाऱ्याचं काम आपण एकदा बघतोच ना?